‘म्हाका लज दिसता’

गोव्यातल्या डिचोलीचा बाजार, सकाळचे साडेदहा. मे महिना, पंखा फुल स्पीडवर आणि तरी सगळे घामाघूम. काजूच्या दुकानात एक पाहुणे उभे आहेत, पुण्याकडचे असावेत, भाव ऐकून म्हणतायत, आमच्याकडे याहून स्वस्त मिळतो की. आणि दुकानाच्या मालकीण, आपण त्यांना ताईच म्हणू, जराही न चिडता दोन बरण्या उघडतात, दोन्हीतले दोन दोन गर पाहुण्यांच्या तळहातावर ठेवतात आणि सुरू होतात.

हा १८० नंबर, म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅमात धरा, १८० पर्यंत अख्खे गर बसतात. हा ३२०, तेवढ्याच वजनात ३०० ते ३२०. आकडा वाढला की गर बारीक, लोक नेमके इथेच फसतात. आणि चार किलो बी फोडली की जेमतेम किलोभर गर हाताला लागतो, बाकी सगळं टरफल, आता तुम्हीच करा हिशोब.

पाहुणे दोन किलो घेऊन गेले.

मग आम्ही दुकानाच्या व्हिडिओसाठी कॅमेरा लावला आणि म्हटलं ताई, आत्ता सांगितलंत ना, तेच परत सांगा. ताईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाल्या, ‘आमच्या येथे उत्तम दर्जाचे काजू योग्य दरात मिळतील.’ झालं. पाटी वाचल्यासारखं. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेच, चौथ्यांदा स्वतःच हसायला लागल्या. ‘म्हाका लज दिसता रे. गावात म्हणतील, बघा ही, दोन बरण्या काय विकल्या, आता मोबाईलवर शहाणपण शिकवते.’

ही लाज आपल्यात लहानपणापासून मुरलेली. आपली पाठ आपणच थोपटू नये, उथळ पाण्याला खळखळाट फार, शाळेत फळ्यावर लिहून पाठ करून घेतलेलं. त्यात रोज पहाटे चारला उठून कोट्यधीश झालेल्यांचे रील्स बघितले की वाटतं नको रे बाबा, आपण गप्प बसलेलं बरं. पण ज्याला कळतं तो गप्प आणि ज्याला कळत नाही तो बोलतोय, यात मरण गिऱ्हाईकाचं होतं. बाहेरचे काजू गोव्याचे म्हणून खपवतात ही तक्रार जुनीच आहे. २०२३ मध्ये गोवा काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग, मिळाला, तरी टॅक्सी थांबवून पाकीट उचलणाऱ्याला तो जीआय म्हणजे काय हे कोणीतरी सांगायला हवं ना.

फेणीचं बघा. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला. असा टॅग मागताना अर्जात सगळं लिहावं लागतं, रस कसा काढतात, तो किती दिवस आंबवतात, भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी, कशी लावतात, आणि तो अर्ज जीआय जर्नलमध्ये छापूनही येतो, कोणीही वाचावा. पिढ्यान्पिढ्या भाटीवर शिकलेली विद्या अशी उघड्यावर आली, पण भाटीवाले मिरवतायत असं काही कोणी म्हटलं नाही.

तर आम्ही दुकान सोडलं आणि मागच्या कारखान्यात गेलो. ताईंना म्हटलं, तुमच्याबद्दल काहीच नका सांगू, फक्त ही बी कशी फुटते ते दाखवा. त्या कटरवर बसल्या, आधी हाताला राख चोळली. का? टरफलात तेल असतं, कातडीला लागलं तर भाजतं, फोड येतात. मग बी पात्यांमध्ये धरली, पायाने दाब, हाताने हलका पीळ, गर अख्खा बाहेर. ‘जोर लावला की तुकडा, आणि तुकड्याला अख्ख्याचा भाव नाही.’ बोलता बोलता कॅमेरा कुठे आहे हेच विसरल्या. माझं म्हणाल तर गाडी ‘आम्ही’वरून बीवर आली ना, तिथेच त्यांची लाज पळाली.

आणि मग न विचारता एका वर्षाची गोष्ट निघाली. पाऊस येईल म्हणून घाईत ओलसर बी पोत्यात भरली, आतून बुरशी, अख्खा लॉट गेला. हे ठेवायचं का कापायचं, आम्ही विचारलं. ‘ठेव. खोटं आहे काय?’ बरं, गोव्याचं पीक इथल्या कारखान्यांना पुरत नाही, आफ्रिकेतून कच्ची बी येते, ती आपणही घेतो आणि तिचं पाकीट वेगळं असतं, हेसुद्धा त्या सरळ सांगून मोकळ्या. मला तरी यात कुठे बढाई दिसली नाही.

एवढं सगळं सांगितलंत, शेजारचा उचलेल की, असं आमच्या कॅमेरामनने विचारलं. ताई म्हणाल्या, ‘ऐकून हात बसत नाही रे. मला ही मावशी शिकवत होती तेव्हा सहा महिने तुकडेच पडायचे.’ आणि बोट दाखवलं कोपऱ्यात बसलेल्या मावशींकडे, की खरं तर हिला विचारा, मला काय विचारता.

कॅमेरा मावशींकडे वळला. मावशींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, अंगणातल्या ताडपत्रीवरून मूठभर बी उचलली, कानाजवळ खुळखुळवली, आवाज काही पसंत पडला नाही.

‘आनीक एक दीस वत जाय,’ म्हणाल्या, आणि बी परत उन्हात पसरली.