उसाचं इंधन आणि फडातली काडी

श्रोतेहो, नमस्कार.

निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीकडचा ऊस आता नुसत्या साखरेसाठी गाळला जात नाही. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून, कुठं कुठं थेट रसापासूनही इथेनॉल निघतं आणि पेट्रोलमध्ये मिसळून आपल्याच मोटारसायकलच्या टाकीत येतं. 2022 मध्ये देशानं 10 टक्के मिश्रण गाठलं, 2023 पासून 20 टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं.

पेट्रोल जळलं की कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला कार्बन हवेत जातो. इथेनॉलच्या धुरातला कार्बन मात्र उसानं वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं इंधन नीट जळतं. 20 टक्के मिश्रणानं दुचाकीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यापर्यंत घटतो, असं नीती आयोगाचा अहवाल सांगतो. लिटरमागं गाडी थोडी कमी पळते, हे खरं. पण बेळगावच्या गर्दीत रोज तो धूर गिळणाऱ्यांसाठी मला हा सौदा मोलाचा वाटतो.

करंजाचंही तसंच. त्याच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल होतं, त्यात गंधक जवळजवळ नसतं. बांधावरच्या या झाडाला उसासारखं पाणी लागत नाही आणि पेंड खत म्हणून शेतातच परत येते.

उसाचं गणित मात्र अवघड आहे. पाण्याच्या मोटारीची वीज, युरिया, वाहतूक हे सगळं त्या इथेनॉलच्या खात्यावर पडतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोडणी झाली की आपण फडाला काडी लावतो! एकरी तीन-चार टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, एका संध्याकाळी धूर होऊन जातं. गावभर काळी राख उडते, दम्याच्या म्हाताऱ्यांना रात्र काढणं कठीण होतं. इंधनानं वाचवलेली हवा आपण शेतातच नासवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

यंदा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, ठेवणार असाल तर पाचट सरीत दाबा. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, पाचट त्यांच्यावर राहू देऊ नका, नाहीतर फुटवे अडतात. पाचटाच्या टनाला 8 किलो युरिया आणि 10 किलो सुपर फॉस्फेट टाका, पाचट कुजवणारे 1 किलो जिवाणू शेणकाल्यात कालवून टाका, मग पाणी द्या. ओल टिकते, तण दबतं, पाण्याची एखाद-दुसरी पाळी वाचते. आणि शेजारच्या फडवाल्याशी आधीच बोलून ठेवा, कारण त्याची ठिणगी उडाली तर तुमचं वाळलेलं पाचट पेटायला वेळ लागत नाही.

नमस्कार.