हातावर तुरी

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘जादूगार’ छापलंय, ते आयोजकांचं प्रेम समजा. मी ३१ वर्षं बँकेत कॅशियर होतो. काचेपलीकडची माणसं माझ्या तोंडाकडं कधी बघत नसत, हातांकडं बघत. नोटा मोजताना बोट जरा अडखळलं की पलीकडून आवाज यायचा, “साहेब, परत मोजा.” त्यामुळं निवृत्तीनंतर हातचलाखी शिकायला घेतली तेव्हा मला वाटलं, या हातांना लोकांच्या नजरेची सवय आहे, पंधरा दिवसांत जमेल. आठ महिने लागले. तेही एका खेळाला. आज बोलणार आहे ते त्या एकाच खेळाबद्दल.

खेळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातावर ठेवलं, मूठ मिटली, फुंकर मारली, मूठ उघडली तर आत काही नाही. मी हा पहिल्यांदा पाहिला तो जोतिबाच्या चैत्री यात्रेत, वडिलांच्या खांद्यावर बसून. गुलालानं माखलेला एक गारुडी पायरीवर मांडी घालून बसला होता. आपण एखाद्यानं हातावर तुरी दिल्या म्हणतो ना, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की तो तुरीसुद्धा देत नव्हता.

कुणी म्हणेल, जादूगारानं गुपित फोडू नये. हे गुपित सव्वाचारशेहून जास्त वर्षांपूर्वीच फुटलंय. १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या इंग्रज गृहस्थानं एक पुस्तक छापलं. तेव्हा तिकडं चेटकीण ठरवून गरीब बायकांचे बळी घेतले जात होते. स्कॉटनं इतर गोष्टींबरोबर नाण्यांचे, गोळ्यांचे, पत्त्यांचे खेळ कसे करतात तेही लिहून टाकलं, म्हणजे लोकांना कळावं की यात सैतान नाही, बोटं आहेत. आपल्याकडं अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हवेतून विभूती काढून दाखवतात आणि मग बोटांत धरलेली राखेची गोळी उघड करतात, त्याच जातीचं काम. तेव्हा आज मी काही पाप करत नाही.

आता नाणं. नवशिका इथंच पहिला फसतो. मी दहा रुपयांचं नाणं घेऊन बसलो. ते २७ मिलिमीटरचं, वजन पावणेआठ ग्रॅमपर्यंत. पुस्तकात लिहिलंय तसं ते हातात राहीचना. मग लक्षात आलं की ही पुस्तकं ज्यांनी लिहिली त्यांच्या हातात अमेरिकेचा अर्धा डॉलर होता. तो साडेतीस मिलिमीटरचा, वजन ११.३४ ग्रॅम. असलं नाणं इथं कुठनं आणायचं? गुजरीत, सराफांच्या पेठेत, विचारावं म्हणून निघालो होतो, तर घरच्या देवघरातच सापडलं. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवतो तो आईचा चांदीचा कलदार रुपया. पंचम जॉर्जचा. तोळ्याचं नाणं ते, ११.६६ ग्रॅम, आणि रुंदीला जवळपास अर्ध्या डॉलरइतकंच. शिवाय कडेला बारीक खाचा, त्यामुळं कातडी त्याला धरून ठेवते. साहेबाचा खेळ साहेबाच्याच रुपयानं शिकलो म्हणा. तुमच्या घरी असला रुपया असेल तर मोडून पैंजण करू नका, एवढी विनंती.

हात बघा माझा. रुपया उजव्या हातात, मधलं बोट आणि अनामिका यांच्या मुळाशी. दोन्ही बोटं किंचित वळवली की तो तिथं अडकतो. दाबायचं नाही. भाजीच्या पिशवीचे बंद धरून आपण चालतो तेव्हा बोटं जेवढी वळलेली असतात, तेवढीच. डावा हात उताणा. उजवा हात त्यावर पालथा होतो, जणू रुपया घरंगळला. डावी बोटं मिटतात, डावा हात पुढं निघून जातो, उजवा होता तिथंच सैल पडतो. कृती म्हणाल तर संपली. दहा मिनिटांत कुणालाही येते.

आणि दहा मिनिटांत आलेली ती कृती बघून सहा वर्षांचं पोरगंसुद्धा उजव्या हाताकडं बोट दाखवतं.

माझं असंच झालं. पुतण्याच्या घरी बारसं होतं, पाहुणे जमलेले, मला हुरूप आला. रुपया दिल्यासारखा केला, मूठ पुढं धरली, आणि फुंकर मारायच्या आत उजव्या हातातला रुपया सुटला. चांदीच तो. फरशीवर असा खणखणला की पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. रुपया गडगडत कपाटाखाली गेला आणि नातू तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला, “आबा, तुमची जादू पडली!” त्या दिवसापासून सराव पलंगावर उभं राहून, म्हणजे पलंगासमोर, गादीच्या वर हात धरून करायला लागलो. नाणं पडलं तर आवाज नाही आणि वाकायला नको. माझ्या वयात दुसरा फायदा मोठा.

पण रुपया सुटला हा दोष नव्हताच. तो आवळून धरल्यामुळं सुटला. आवळला का? कारण तीन महिने मी त्या उजव्या हाताच्याच मागं लागलो होतो. नाणं दिसतंय का, फट पडते का, अंगठा कुठं आहे. अंगठा खुंटीसारखा ताठ उभा राहायचा. जिथं माल आहे तिथं पहारा, ही कॅशियरची खोड. लोक बघणार आहेत डावी मूठ, आणि तिचा मी विचारच केला नव्हता. उजव्या हाताला फक्त गप्प बसायचंय. खोटं बोलायचंय ते डाव्या हाताला, आणि माझा डावा हात मुका होता.

मग मी कपिलतीर्थ मार्केटात जाऊन उभा राहायला लागलो. भाजी घ्यायला नव्हे, भाजीवाल्या मावशी सुटे पैसे कसे घेतात ते बघायला. तुम्हीही बघा. नाणं पडलं की तळवा अंमळ खाली जातो, वजन झेलतो. बोटं मुठीसारखी करकचून मिटत नाहीत, नाण्याभोवती जागा ठेवून मिटतात. डोळे क्षणभर नाण्यावर जातात आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडं. माझी मूठ मात्र कुस्तीला उतरल्यासारखी, आत हवासुद्धा मावणार नाही अशी. नाणं आत असेल तर मूठ अशी मिटूच शकत नाही. चौथ्या दिवशी एक मावशी वैतागल्या. “आप्पा, काय बघताय सारखं? सुटं बरोबर दिलंय की!”

त्यानंतर सरावाची पद्धतच उलटी केली. रुपया खरोखर डाव्या हातात द्यायचा. दिवसाला पन्नास वेळा, काही न लपवता. मूठ कशी मिटते, मान कुठं वळते, हे स्वतःचंच स्वतः शिकायचं. आणि मग एकावन्नाव्या वेळी तेच सगळं करायचं, फक्त रुपया मागं ठेवून. आपण म्हणतो, हातच्या काकणाला आरसा कशाला. या धंद्यात लागतो. पण आरसाही फितूर होतो बरं का. आरशात माझं सगळं बिनचूक दिसायचं. मुलीनं मोबाइलवर चित्रण केलं तेव्हा कळलं की ऐन लबाडीच्या क्षणी मी पापणी मिटत होतो. जे बघायचं तेवढंच नेमकं मी बघत नव्हतो. अंतर्मन म्हणतात ते हेच असावं, त्याला चोरी सहन होत नाही.

नजरेबद्दल थोडं सांगतो, कारण इथं पुस्तकी आधार आहे. १९०० साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं शाळकरी मुलांसमोर चेंडू वर उडवून झेलला, पुन्हा उडवला, आणि नंतर उडवल्याचं नुसतं नाटक केलं. जवळपास निम्म्या मुलांनी शपथेवर सांगावं तसं सांगितलं की चेंडू वर गेला आणि हवेत नाहीसा झाला. २००६ मध्ये कुन आणि लँड या दोघांनी इंग्लंडात हाच खेळ घेऊन बघणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल यंत्रानं टिपली. जादूगार स्वतः वर बघतो तेव्हा बहुतेक लोक फसले. तो हाताकडंच बघत राहिला तेव्हा फसणारे बरेच कमी झाले. गंमत पुढंच आहे. ज्यांना चेंडू वर गेलेला ‘दिसला’ त्यांच्यातल्या बहुतेकांचे डोळे तिथपर्यंत गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्यावर होते. म्हणजे डोळे फसले नाहीत, माणूस फसला. नजरबंदी हा शब्द आपण सहज वापरतो, पण बांधायची असते ती आपली स्वतःची नजर, डाव्या मुठीला.

उरलं उजव्या हातातल्या रुपयाचं काय करायचं ते. काहीच करायचं नाही, घाईनं तर नाहीच. मूठ मिटल्यावर दोन शब्द बोला, हवामानावर बोला, चालतं. मग उजवा हात खिशातलं पेन काढायला जाऊ दे, मुठीवर टिचकी मारायला पेन हवंच की. रुपया खिशात राहतो, पेन बाहेर येतं. डावी मूठ एकेक बोट करून उघडा. यात अवघड एवढंच, की हात खिशात जाताना तो पेनासाठीच चाललाय यावर तुमचा स्वतःचा विश्वास हवा.

पास झालो का, हे ठरवायला परीक्षक घरचाच. रात्री जेवणं झाल्यावर सौ.ला समोर बसवायचो. कधी खरंच रुपया द्यायचो, कधी नाही, आणि विचारायचो, कुठल्या हातात? सुरुवातीला ती दर वेळी बरोबर. पाचव्या महिन्यात एकदा मी रुपया खराच डाव्या हातात दिला आणि ती ठामपणे म्हणाली, “उजव्या.” मी खूश! मग ध्यानात आलं की हे काही यश नव्हे, माझं खरं देणंच आता खोट्यासारखं दिसायला लागलंय. पुन्हा कपिलतीर्थ. पुन्हा पन्नास वेळा खरं.

आठव्या महिन्यात तिचे अंदाज निम्मे चुकायला लागले, म्हणजे ती नुसता कौल लावत होती. तेव्हा मी सराव थांबवला. तिनं थांबवलेला नाही. दूधवाल्याचे पैसे तिच्या हातावर ठेवले, तरी मोजायच्या आधी म्हणते, “अहो, तो दुसरा हात उघडा बघू.”