झरीनाचा गळा, अभिषेकीबुवांची चाल

सोलापूर. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच बाजारात ऐकू येणारं गाव. शाहीर रामजोशांचं गाव. गायिका-अभिनेत्री फैयाज याच मातीतल्या. 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातली त्यांची झरीना अजून आपल्या कानात आहे. त्या झरीनाच्या ओठी सूर ठेवणारे संगीतकार होते पंडित जितेंद्र अभिषेकी.

२१ सप्टेंबर १९२९. गोव्यातल्या मंगेशीला बुवांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार. म्हणजे कथा सांगता सांगता मध्येच पद कसं उचलायचं, हे घरातच कानावर पडत होतं. पुढे मुंबईत आकाशवाणीची नोकरी केली, अझमत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहित यांच्यासारख्या गुरूंची तालीम घेतली. घराण्याचं कुंपण मात्र त्यांनी मानलं नाही.

बुवांनी काय बदललं ते कळायला जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडावं. पदाच्या वर 'चाल' असं लिहून आधीच्या एखाद्या गाण्याचा मुखडा छापलेला दिसतो. चाल आधीची, शब्द नंतरचे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त दोनशेच्या वर पदं होती. गायक रंगला, 'वन्स मोअर' आला की नाटक थांबायचं आणि मैफल सुरू व्हायची. त्या गाण्याचं वैभव मोठंच होतं. पण बोलपट आले, काळ बदलला, आणि संगीत नाटकाला उतरती कळा लागली.

१९६४ साली गोवा हिंदू असोसिएशननं वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आणलं. संगीत अभिषेकींचं. 'गुंतता हृदय हे', 'अर्थशून्य भासे मज', 'गर्द सभोती रान साजणी'. पदं आटोपशीर, आणि प्रत्येकाची चाल त्या पात्राच्या मनातून निघालेली. रामदास कामतांचा कसलेला आवाज आणि आशालता वाबगावकरांचा कोवळा आवाज, दोघांना शोभेल असं वेगवेगळं गाणं बुवांनी दिलं.

दोनच वर्षांनी 'लेकुरे उदंड जाली'. इथे गवई नाहीत, नट आहेत. श्रीकांत मोघे बोलता बोलता गाऊ लागतात आणि गाता गाता पुन्हा बोलू लागतात. रागदारीत मुरलेल्या माणसानं इतकं हलकंफुलकं संगीत द्यावं, याचं कौतुक आपल्याकडे पुरेसं झालेलं नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मग १९६७. नाट्यसंस्था नाट्यसंपदा, लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, 'कट्यार काळजात घुसली'. पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या घराण्यांचं वैर हाच नाटकाचा विषय, त्यामुळे ते वैर संगीतातच ऐकू यायला हवं. बुवांनी 'घेई छंद मकरंद' या एकाच पदाला दोन चाली बांधल्या. पंडितजींच्या घराण्याची चाल संथ, सात्त्विक. खाँसाहेबांची उसळती, तानांनी झेपावणारी. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. शब्द तेच, अक्षरं तीच, पण ऐकताना दोन माणसं समोर उभी राहतात! संवादाच्या दहा पानांनी जे साधलं नसतं, ते दोन चालींनी साधलं.

आणि झरीना. खाँसाहेबांची ही लेक. तिच्यासाठी बुवांनी 'लागी कलेजवा कटार' बांधलं. फैयाज यांच्या आवाजाला ठुमरी-दादऱ्याची ओढ, उर्दूचा लहेजा, शब्दाला हलकेच कुरवाळण्याची सवय. सोलापूरच्या बोलीत वाढलेल्या गळ्याला असा लहेजा परका नव्हता. बुवांनी त्या आवाजावर शुद्ध नाट्यपदाचा साचा लादला नाही. आवाजाचं जे मूळचं होतं, तेच भूमिकेच्या कामी आणलं. संगीत दिग्दर्शक म्हणून त्यांची खरी थोरवी आम्हाला इथे दिसते.

१९८८ मध्ये पद्मश्री मिळाली. शिष्यांना त्यांनी गुरुकुल पद्धतीनं घरी ठेवून शिकवलं. अजित कडकडे, आशा खाडिलकर, देवकी पंडित, पुत्र शौनक यांनी ती विद्या पुढे नेली. ७ नोव्हेंबर १९९८ रोजी पुण्यात बुवा गेले.

फैयाज २०१५ साली बेळगावच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. 'शाकुंतल'कार किर्लोस्करांचं जन्मगाव गुर्लहोसूर त्याच बेळगाव जिल्ह्यातलं.