भाडं आलं की सूट गेली

नमस्कार श्रोतेहो. उपचारांसाठी परळला आलेला रुग्ण, नोकरीसाठी आलेली मुलगी, मागेपुढे कोणी नसलेले आजोबा. अशांना मुंबईत स्वस्तात राहायला जागा देणारे धर्मादाय ट्रस्ट आहेत. त्यांच्या मालमत्ता कराबद्दल आज बोलू.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा 1888 सालचा. त्याचं कलम 143 सांगतं, केवळ धर्मादाय कामासाठी वापरात असलेल्या इमारतीला सर्वसाधारण कर, म्हणजे मालमत्ता कराचा एक भाग, माफ. विश्वस्त इथवर वाचतात आणि निर्धास्त होतात. पुढचं पोटकलम मात्र म्हणतं, त्या जागेचं भाडं येत असेल तर माफी नाही. ते भाडं सगळंच्या सगळं दानधर्मात गेलं, तरी नाही. पुन्हा सांगतो, पैसा गेला कुठे हे इथे कोणी विचारत नाही. भाडं आलं की सूट गेली.

मग भाडं अगदी नाममात्र ठेवलं तर? इथे मला जर्मनीतल्या आउग्सबुर्गची फुग्गराय वसाहत सांगायलाच हवी. याकोब फुग्गर हा तिथला गडगंज सावकार. राजेरजवाडे त्याचे कर्जदार. त्याने 1521 साली दानपत्र करून शहरातल्या गरीब कॅथलिक कुटुंबांसाठी घरं दिली. भाडं वर्षाला एक गुल्डन, म्हणजे त्या काळचं एक नाणं, शिवाय त्याच्या आत्म्यासाठी रोज तीन प्रार्थना. पाचशे वर्षं झाली, भाडं वाढलेलंच नाही. आजच्या हिशेबात वर्षाला 88 सेंट, म्हणजे एका युरोलाही कमी! वीज आणि घर गरम ठेवण्याचा खर्च तेवढा वेगळा. दारावरच्या घंटा ओढायच्या लोखंडी दांड्या प्रत्येक घराच्या वेगळ्या आकाराच्या, म्हणजे काळोखातही हाताने चाचपून आपलं दार ओळखावं. संगीतकार मोझार्टचे पणजोबा गवंडी होते, तेही इथेच राहत. आणि गंमत ऐका. रात्री दहाला फाटक बंद. उशिरा आलात तर पहारेकऱ्याला 50 सेंट, मध्यरात्रीनंतर एक युरो. म्हणजे मध्यरात्रीनंतरचा एकच उशीर वर्षाच्या भाड्याहून महाग! फुग्गरने खर्चासाठी मागे भांडवलही ठेवलं. आज मुख्यतः जंगलाच्या उत्पन्नावर वसाहत चालते. आपल्याकडचे दाते इमारत देतात, संगमरवरी पाटी लावतात, आणि गळक्या गच्चीचं कोणी बघायचं ते सांगत नाहीत. असो.

तर हे 88 सेंटसुद्धा मुंबईच्या कलमात भाडंच. जर्मन कायद्याची तऱ्हा निराळी. संस्थेच्या वसतिगृहातली खोली करातून सुटू शकते. स्वतंत्र राहतं घर मात्र नेहमीच करपात्र, मालक कितीही पुण्यवान असो.

मुंबईत सुटका होते ती दुसऱ्या वाटेने. 1 जानेवारी 2022 पासून 46.45 चौरस मीटर, म्हणजे 500 चौरस फूट चटईक्षेत्रापर्यंतच्या निवासी गाळ्याला मालमत्ता कर माफ आहे. म्हणून ट्रस्टने प्रत्येक खोलीचा मोजमापासह नकाशा तयार ठेवावा. तळमजल्यावरचं दुकान, गच्चीवरचा मोबाइल टॉवर यांची आकारणी वेगळी होते. ती क्षेत्रं नकाशात वेगळी दाखवा. बिनभाड्याचा भाग असेल तर तोही वेगळा दाखवा, कारण माफी इमारतीच्या एखाद्या भागापुरतीही मिळते. पावतीवर ‘देणगी’ लिहून दरमहा ठरावीक रक्कम घेऊ नका. तपासणीत ते भाडंच ठरण्याचा धोका असतो.

आणखी एक. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी किंवा देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारं 80 जी प्रमाणपत्र असलं म्हणून मालमत्ता कर आपोआप माफ होत नाही. कलम 143 ची माफीसुद्धा सर्वसाधारण करापुरतीच आहे. बिलावरच्या पाणी आणि मलनिःसारणाच्या ओळी तशाच राहतात. मुंबईबाहेर असाल तर तिथल्या महापालिकेचा कायदा वेगळा, तो बघा.

आकारणी चुकली असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या आणि पोच जपून ठेवा. तिथे दाद मिळाली नाही तर लघुवाद न्यायालयात अपील करता येतं, पण वादातली रक्कम आधी भरावी लागते. तेवढी तरतूद ट्रस्टच्या अर्थसंकल्पात करूनच वकिलाकडे जा. नमस्कार.