अंधाराचा हिशेब : महाराष्ट्र, 2020

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले आणि रायगडापासून दापोली-मंडणगडपर्यंत सुपारीच्या झाडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. अशा वेळी आधी उच्चदाब वाहिनी उभी करावी लागते, मग रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर), आणि घराकडे जाणारी लघुदाब तार सर्वांत शेवटी. त्यामुळे तालुक्याच्या गावी दिवे लागल्यानंतरही डोंगरउतारावरच्या वाड्या अंधारातच राहिल्या. काही गावांचा हा अंधार आठवड्यांत मोजावा लागला. मोबाइलचे टॉवरही बंद पडले होते, म्हणजे वीज नाही हे कळवण्याचीही सोय उरली नव्हती.

12 ऑक्टोबरचा सोमवार वेगळा होता. मुंबईला तेव्हा बाहेरची वीज प्रामुख्याने कळवा, पडघा, खारघर या बाजूच्या 400 केव्ही (चार लाख व्होल्ट) वाहिन्यांवरून मिळत असे. त्यांपैकी काही आधीच बंद असताना सकाळी दहाच्या सुमारास आणखी एक बाद झाली. तिचा भार उरलेल्या वाहिनीवर गेला आणि तिलाही तो पेलला नाही. असे संकट आल्यास शहराने ग्रिडपासून, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्यापासून, वेगळे होऊन ट्रॉम्बेसारख्या स्थानिक केंद्रांच्या विजेवर तग धरावा, अशी ‘आयलंडिंग’ची व्यवस्था मुंबईसाठी कित्येक वर्षांपूर्वीच उभारलेली आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, प्रवासी रुळांवरून चालत निघाले, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. दुपारपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि रात्रीपर्यंत बहुतेक शहर उजळले. चौकशी समित्या नेमल्या गेल्या, पुढच्या वर्षी सायबर हल्ल्याचीही चर्चा रंगली. मंडणगडच्या वाडीसाठी इतकी चर्चा झाल्याचे कोणाला आठवत नाही.

विजेच्या खंडाचे अधिकृत मोजमाप सरासरीने होते : वर्षभरात एका ग्राहकामागे किती वेळा वीज गेली आणि किती मिनिटे गेली. अशा सरासरीत कोणाचे काही तास आणि कोणाचे काही आठवडे एकाच आकड्यात विरघळतात.

शेतीपंपांची गोष्ट तर निराळीच. कृषी वाहिन्यांवर तेव्हा चक्राकार पद्धतीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज देण्याचा प्रघात होता. उरलेल्या तासांना कोणी ‘वीज गेली’ म्हणत नाही. त्याला वेळापत्रक म्हणतात. त्याच वर्षीच्या रब्बीत, जुन्नरसारख्या बिबट्यांच्या तालुक्यांतही, ज्याची पाळी रात्रीची होती तो शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन पिकाला पाणी द्यायला निघत होता.