देवळामागचं बावखल

(दृश्य: पहाट. नारळाच्या झावळ्यांमागे चर्चचा पांढरा दर्शनी भाग. घंटा वाजते.)

वसईच्या पश्चिम पट्ट्यात जुनी माणसं चर्चला चर्च म्हणत नाहीत, देऊळ म्हणतात. कुणी ‘देवळात जाऊन येते’ म्हणाली, तर ती मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघाली आहे की निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीला, हे तिच्या दारावर क्रूस आहे की तोरण, ते बघून ओळखायचं. भाषेवरून ओळखता येईलच असं नाही. सामवेदी समाज हिंदूंतही आहे आणि ख्रिस्तींतही. वाडवळ समाजाचंही तेच.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. राज्यं आली-गेली, वाडीतली कामं तीच राहिली. केळी, पानवेल, भाजी, फुलं. आणि या सगळ्यांना लागणारं पाणी.

(दृश्य: वाडीतून जाणारी पायवाट. कडेला हिरवट, स्थिर पाणी. एक खंड्या झेप घेतो.)

हे बावखल. विहीर नव्हे, तलावही नव्हे. वाडीतल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने खणलेला खड्डा, म्हटलं तर एवढंच. पावसाचं पाणी यात साठतं, झिरपतं, आणि आजूबाजूच्या विहिरींना वर्षभर पुरतं. पूर्वी काठावर रहाट असायचा. बैल गोल फिरायचा, पोहरे भरून वर यायचे, पाटाने पाणी केळीच्या बुंध्याशी जायचं. रहाट गेले, पंप आले. बावखलं मात्र काही राहिली, आणि बरीचशी बुजली.

बुजवणाऱ्याला ती रिकामी जागा वाटते. तिचं काम काय, ते समजायला वसईचा नकाशा एकदा डोळ्यांसमोर आणावा लागतो. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. तिन्ही बाजूंनी खारं पाणी. जमिनीखालीही खारंच, फक्त त्याच्यावर गोड्या पाण्याचा एक थर तरंगत असतो, कारण गोडं पाणी हलकं. किनाऱ्यावरच्या भूजलाचा ढोबळ हिशेब असा, की गोडं पाणी समुद्रसपाटीच्या वर एक फूट उभं असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडं पाणी टिकतं. म्हणजे वरचं फूटभर उपसलं, की खालून खारं पाणी किती वर सरकेल, ते तुम्हीच मोजा.

इथल्या बायकांना हा हिशेब कुणी शिकवला नव्हता. त्यांना कळलं ते चुलीवर. डाळ शिजेना. साबणाला फेस येईना. मग चहाची चव बिघडली.

(दृश्य: रस्त्यावर उभा पाण्याचा टँकर. जाड नळी विहिरीत सोडलेली. पंपाची घरघर बराच वेळ ऐकू येऊ द्यावी.)

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारची शेतजमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामासाठी खुली झाली. मुंबईत घर न परवडणाऱ्या लाखो माणसांना इथे छप्पर मिळालं, आणि त्यांची गरज खरी होती, हे आधी सांगायला हवं. पण इमारती आधी उभ्या राहिल्या आणि नळ मागाहून आले. मधली वर्षं भरून काढली टँकरने. टँकर भरायचा कुठे? पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींवर.

इथे या गोष्टीत चर्च येतं. कारण ज्याची विहीर आटली तो धर्मग्रामस्थ, म्हणजे त्याच चर्चचा माणूस, होता, आणि ज्याच्या विहिरीवर टँकर भरत होता, तोही. रविवारी दोघं एकाच बाकावर बसायचे.

(दृश्य: चर्चचा अंतर्भाग. रिकामी बाकं. एका बाकावर विसरलेली जपमाळ.)

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. मग ती मराठीत आली. ही गोष्ट धार्मिक म्हणून नोंदली जाते, पण वसईच्या पर्यावरणाच्या इतिहासातही तिला जागा द्यायला हरकत नाही. लॅटिनमध्ये कुणी विहिरीबद्दल बोललं नसतं.

‘सुवार्ता’ हे मासिक १९८३ पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनाखाली निघू लागलं. फादर इथलेच, नंदाखालचे. त्यांच्या हाती आल्यावर हे मासिक निव्वळ धार्मिक राहिलं नाही. जमीन, पाणी, दहशत, राजकारण यांवर लेख येऊ लागले, आणि लिहिणाऱ्यांत व वाचणाऱ्यांत ख्रिस्तीच होते असं नाही. पुढे ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. नाव नीट वाचा. त्यात ना क्रूस आहे, ना धर्म. पुढाकार एका धर्मगुरूचा असला, तरी खारं पाणी जात बघून घरात शिरत नाही, हे नाव ठेवणाऱ्यांना ठाऊक असावं.

मोर्चे निघाले, सभा झाल्या, बांधकाम व्यवसाय आणि टँकरचा धंदा यांच्याशी उघड सामना झाला. तो काळ सोपा नव्हता. वसईत तेव्हा गुंडगिरीची दहशत होती आणि विरोधात बोलायला छाती लागे. पण आंदोलनाच्या गर्दीमागे एक साधी यंत्रणा होती, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, घराघराची नोंद. पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मग्रामाची समिती. मिस्सा संपताना होणाऱ्या सूचना. मोबाइल नव्हते त्या काळात रविवारी सकाळी दिलेली एक सूचना दुपारच्या जेवणापर्यंत गावभर झालेली असे. हे जाळं विणलं होतं लग्नाच्या घोषणांसाठी आणि सणाच्या तयारीसाठी. पाण्यासाठीही ते चाललं.

(दृश्य: देवळाचं आवार. मिस्सा संपून लोक बाहेर पडताहेत. घोळके. आवाज अस्पष्ट.)

संवाद संवाद म्हणतात तो प्रत्यक्षात कसा असतो, ते या आवारात बघावं. ‘जमिनी विकू नका’ असं व्यासपीठावरून सांगायला काही लागत नाही. खाली ऐकणाऱ्याच्या घरात तीन भाऊ, दोन गुंठ्यांचा तुकडा प्रत्येकाच्या वाट्याला, वाडीत राबायला मजूर मिळत नाही आणि मुलगा म्हणतो मी बँकेत जाणार. त्याने विकली तर तो निसर्गाचा शत्रू ठरतो का? आणि ज्याने आयुष्यभर वाडी राखली, त्याच्या शेजारी सात मजले उभे राहिल्यावर त्याच्या विहिरीचं काय? दोघांचीही बाजू खरी असते, आणि दोघांनाही पुढच्या रविवारी एकमेकांचं तोंड बघायचं असतं. तहसील कार्यालयातली सुनावणी संपली, की माणसं आपापल्या वाटेने जातात. इथून उठून जाता येत नाही. चर्चचं खरं बळ मला वाटतं यात आहे. प्रवचनाचा नंबर बराच नंतर लागतो.

देवळाचेही पाय मातीचेच आहेत, हेही सांगून टाकू. आवार स्वच्छ दिसावं म्हणून पेव्हर ब्लॉक बसवायचे, आणि मग पाणी मुरत नाही म्हणून जलसंधारणाचं शिबिर भरवायचं, असं फक्त चर्चच्याच नव्हे, मंदिराच्या आणि शाळेच्याही आवारात दिसतं. सणाच्या जेवणावळीनंतरचा प्लॅस्टिकच्या पेल्यांचा ढीग कुठल्याच धर्माचा नसतो.

(दृश्य: जुन्या ‘सुवार्ता’ अंकांची पानं. बोट ओळीवरून फिरतं.)

१९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे स्वतःचा बिशप असलेला प्रांत, झाला. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका आली आणि गावं पालिकेत असावीत की नाहीत, यावर पुन्हा सगळा पट्टा ढवळून निघाला. मग २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आलं. पृथ्वी हे सगळ्यांचं मिळून घर आहे, ते कसं राखायचं, हा त्याचा विषय. त्याच्या पाचव्या प्रकरणाचे पाच भाग आहेत आणि पाचही भागांच्या मथळ्यांत ‘संवाद’ हा शब्द आहे: देशादेशांतला, स्थानिक धोरणांसाठीचा, निर्णयांच्या पारदर्शकतेसाठीचा, राजकारण आणि अर्थकारण यांच्यातला, धर्म आणि विज्ञान यांच्यातला. रोममध्ये हे छापून आलं, तेव्हा वसईत टँकरविरुद्धच्या लढ्यात उतरलेल्या माणसांचे केस पांढरे झाले होते.

फादर दिब्रिटो पुढे ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ते आजारी असूनही आले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. भर पावसाळा होता, बावखलं भरण्याचे दिवस.

(दृश्य: पावसात बुडालेले रेल्वेचे रूळ. जुनी चित्रफीत.)

पाणी इथे कमी पडतं तसंच जास्तही होतं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसं अडकली. मिठागरं, पाणथळ, बावखलं, म्हणजे पाण्याने बसायच्या जागा. त्या भरल्या, तर पाणी उभं राहायला आपल्या ओसरीवर येतं. उन्हाळ्यात विहीर खारी आणि पावसाळ्यात ओसरीवर पाणी, या दोन तक्रारी वेगळ्या नव्हेत, हे आता शाळेतली मुलंही सांगतात.

(दृश्य: ऑक्टोबर. देवळाच्या दारात भाताच्या लोंब्यांची जुडी. एका बाईच्या पदरावर भाताचं कूस अडकलेलं.)

ऑक्टोबरमध्ये आगेरा. नव्या पिकाचा सण. नवीन भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात आणायच्या, धर्मगुरूंनी आशीर्वाद द्यायचा आणि थोड्या लोंब्या घरी न्यायच्या. ज्यांच्या घरी आता शेत नाही, तेही येतात. लोंब्या कुणाच्या तरी शेतातून मागून आणाव्या लागतात. आणणाऱ्याला विचारलं, तर तो अमक्याच्या शेतातल्या म्हणून सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो, यंदा तेवढंच लावलं होतं.

(दृश्य: संध्याकाळ. बावखलाचा काठ. दोन मुलं गाळाच्या पाट्या वर देताहेत. वर उभा म्हातारा त्या रिकाम्या करतो.)

गाळ काळा आणि जड असतो. त्यात शिंपले निघतात, जुन्या मडक्याची खापरं निघतात, एखादं तुटकं चप्पल. म्हातारा प्रत्येक पाटी केळीच्या बुंध्याशी ओततो, वाया घालवत नाही. घंटा होते. मुलं हात धुवायला विहिरीकडे पळतात, आणि त्यांतला एक जण पोहऱ्यातलं पाणी आधी जिभेवर घेऊन बघतो.

(पडदा काळा होईपर्यंत फक्त पोहऱ्यातून गळणाऱ्या पाण्याचा आवाज.)