वाघदेव बघायला जाताय? ऊन समोरून नको!

राम राम मंडळी. मागच्या व्हिडिओत नवापूर स्टेशनचं बाकडं दाखवलं, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. त्यात दोन सेकंद एक कोरीव दगड येऊन गेला. बाकडं राहिलं बाजूला, कमेंटमध्ये सगळ्यांचं एकच, "भो, तो वाघ कुठला?"

तो वाघदेव. मावची, कोकणी, भिल्ल या आदिवासींच्या गावांच्या शिवेवर असतो, कुठे दगडाचा, कुठे लाकडाचा. वाघाने गुरं उचलू नयेत म्हणून त्याची पूजा. मोठा दिवस वाघबारस, अश्विन वद्य द्वादशी. त्याच दिवशी आपल्या घरी वसुबारस! एकाच तिथीला इथे गाय-वासरू, तिथे वाघ. मला हे फार आवडतं. नवापूरपर्यंत रेल्वे आहे, पुढे रिक्षा, पाणी सोबत घ्या. झालं.

आता नीट ऐका. ऊन समोरून नको. मी पहिल्यांदा सकाळी सातला पोचलो. दगडाचं तोंड पूर्वेला, ऊन थेट त्याच्यावर, आणि वाघ दिसेचना, नुसता सपाट दगड. शेळ्या चारणारी आजी म्हणाली, "थांब रे बाबा, ऊन चढू दे." साडेअकराला ऊन दगडावरून वरून खाली घसरायला लागलं, खाचांत सावली भरली. वाघ उठला! डोक्यावर चंद्र-सूर्य, पायाशी साप. साडेचार तास मी त्याच दगडासमोर बसलो होतो.

झाडाच्या सावलीत असेल तर मोबाईलचा टॉर्च, पण तोही बाजूने धरायचा, दगडाला जवळजवळ चिकटवून. समोरून मारला की परत सपाट.

आणि कृपा करून खडू फिरवू नका. एकाने लिहिलंय, "खडूने रेषा भरल्या की फोटो भारी येतो." अरे दादा, तो गावाचा देव आहे! शिवाय तुमची रेघ चुकली, तर पुढचा माणूस तुमचीच चूक बघणार. सावली फुकट मिळते, ती वापरा.

लोकेशन मी टाकणार नाही. गावात जा, पोलीस पाटलांना विचारा, चपला काढा, हो म्हणाले तरच फोटो. मी वाघबारसेला परत जातोय. कॅमेरा आणू का विचारलं, तर आजी म्हणाली, "आधी जेवायला ये."